दर्शनी बारा, आत नऊ

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात किंवा लिस्बनच्या राष्ट्रीय प्राचीन कला संग्रहालयात गोव्याचा कॉन्तादोर समोर आला, तर त्याचे खण एकदा मोजून पाहावेत. मोजदाद बहुधा चुकते. दर्शनी बाजूवर सारख्या आकाराच्या चौकटी ओळीने मांडलेल्या दिसतात, चौकटीवर मूठ किंवा किल्लीचे भोक, भोकाभोवती नक्षीदार पत्रा. पण अशा कपाटांत पुष्कळदा दोन चौकटींमागे एकच उंच खण असतो, कुठे शेजारच्या चौकटी मिळून एकच लांब खण होतो. डोळ्याला एकसारखी मांडणी हवी होती, घरधन्याला मोठा खणही हवा होता. सुताराने दोघांचेही ऐकले.

तो सुतार कोण, हे या कपाटांवर सहसा लिहिलेले सापडत नाही. सागात आबनुसाची वर्तुळे बसवणारे ते हात कोणाचे होते, हे विचारायला आता कोणी उरलेले नाही. त्याच्याशी बोलायची एकच वाट शिल्लक आहे, ती म्हणजे तसे कपाट पुन्हा करून पाहणे. नुसते पाहणाऱ्याला नक्षी दिसते. करणाऱ्याला कळते की या माणसाने कुठे घाई केली, कुठे जीव ओतला, कुठे लाकूड वाचवले आणि कुठे पावसाळ्याचा अंदाज बांधला.

कॉन्तादोर म्हणजे लहान लहान खणांचे लाकडी कपाट. पोर्तुगीज भाषेत 'कोन्तार' म्हणजे मोजणे, आणि कॉन्तादोर म्हणजे मोजणारा, हिशेबनीस. नाणी, दागिने, पत्रे, दस्तऐवज, मोहोर, लाख, कात्री असा सगळा बारीक ऐवज ज्यात विभागून राहावा, ते हे कपाट. त्याला दारे नसतात, खणांची तोंडे उघडी असतात. मोठा नमुना स्वतंत्र घडवंचीवर उभा राहतो, आणि गोव्याच्या कपाटाची खरी ओळख पुष्कळदा या घडवंचीच्या पायांत असते. कमरेपर्यंत बाई आणि खाली सापाची किंवा माशाची शेपटी अशा कोरीव आकृती कपाटाचा भार डोक्यावर तोलून उभ्या असतात. कोणी त्यांना नागिणी म्हणतो, कोणी जलपऱ्या. आपल्या देवळांच्या दगडात नाग-नागिणी पिढ्यान्‌पिढ्या कोरल्या गेल्या आणि युरोपच्या जहाजांवर, फर्निचरवर जलपऱ्या होत्या. गोव्याच्या कारागिराच्या पटाशीखाली त्या दोघी एक झाल्या असाव्यात, असे त्या आकृतींकडे पाहताना वाटत राहते.

लहान खणांच्या कपाटाची कल्पना युरोपातून आली. न्यूरेंबर्ग आणि ऑग्सबर्ग ही जर्मन शहरे सोळाव्या शतकात अशा कपाटांसाठी नावाजलेली होती. १५१० मध्ये अफोन्सो द अल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा घेतला. पुढच्या काळात पोर्तुगीज अधिकारी, व्यापारी आणि पाद्री इथे घर करून राहू लागले, तसे त्यांना स्वतःच्या सवयीचे सामान हवे झाले. नमुना त्यांचा होता. लाकूड, हत्यार आणि हात इथले होते. १५८३ ते १५८८ अशी पाच वर्षे गोव्यात आर्चबिशपच्या पदरी राहिलेल्या यान हाउखेन व्हान लिन्सखोटेन या डच माणसाने भारतातल्या कारागिरीवर बारकाईने लिहून ठेवले. लाकूड चरकावर फिरत असताना त्यावर रंगीत लाख चढवून आरशासारखी चकाकी आणायची रीत त्याने वर्णिली आहे. सावंतवाडीच्या चितारआळीत लाखेच्या रंगाचे लाकडी सामान पाहिलेल्याला हे वर्णन घरचे वाटेल. त्याच्यानंतर वीसेक वर्षांनी, १६०८ ते १६१० या काळात गोव्यात राहिलेल्या फ्रांस्वा पिरार या फ्रेंच प्रवाशाने गुजरातेत होणाऱ्या जडावाच्या कपाटांची तारीफ करताना त्यांना जर्मन धर्तीची म्हटले. म्हणजे नक्कल आणि अस्सल यांचा गोंधळ तेव्हापासूनचा आहे. ज्याला आज आपण अस्सल कॉन्तादोर म्हणतो, तोही कुणाच्या तरी धर्तीवरच बेतलेला होता.

करणारे बरेचसे हिंदू कारागीर होते. याचा एक आडवळणाचा पुरावा चर्चच्याच कागदांत आहे. १५६७ मध्ये गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मसभेने ख्रिस्ती पूजेच्या वस्तू हिंदू कारागिरांकडून करून घेऊ नयेत, असा ठराव केला. ठराव करावा लागला, यातच सगळे आले. जुन्या गोव्यात सांता मोनिका मठाच्या आवारात आज ख्रिस्ती कला संग्रहालय आहे. १९९४ मध्ये रायतूरच्या सेमिनरीत ते सुरू झाले आणि २००२ मध्ये इथे हलवले गेले. तिथल्या लाकूड, हस्तिदंत आणि चांदीच्या वस्तूंसमोर उभे राहिले की ख्रिस्ती विषयात देशी हात ठायी ठायी दिसतो.

देवघेव एकाच दिशेने झाली नाही. मराठी घरात कपाटाला अलमारी म्हणतात, ती उघडते चावीने, दार फिरते बिजागरीवर, आणि दुरुस्तीला बोलावतात ते मिस्त्रीला. हे चारही शब्द पोर्तुगीजांकडून आले. गोव्यात आजही सुताराला आदराने 'मेस्त' म्हणतात. पोर्तुगीज 'मेस्त्र', म्हणजे उस्ताद, त्याचेच हे रूप.

हे कपाट आज कोणाला हवे असेल, तर जुने विकत घेणे सोपे नाही आणि ते बरेच आहे. १९७२ चा पुरावशेष आणि कलानिधी कायदा शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू देशाबाहेर नेऊ देत नाही. जहाजांतून गेलेले उत्तमोत्तम नमुने तर कधीच युरोपातल्या संग्रहालयांत आणि घराण्यांत जाऊन बसले. तेव्हा करून घेणे हाच सरळ मार्ग. 'प्रतिकृती' हा शब्द आपल्याकडे जरा नाक मुरडून उच्चारला जातो. गवई जुनी बंदिश गातो तेव्हा कोणी त्याला नक्कल म्हणत नाही. सुताराला मात्र म्हणतात. हा अन्याय आहे.

घडवंचीचा मोठा नमुना हे वर्ष-सहा महिन्यांचे काम. म्हणून सुरुवातीला टेबलावर ठेवायचा लहान कॉन्तादोर घ्यावा. तसलेही त्या काळी होत असत. रुंदी ४८ सेंटिमीटर, उंची ३६, खोली ३०. दर्शनी बाजूवर चार ओळी आणि तीन रांगा, म्हणजे बारा चौकटी. मधल्या रांगेत दुसरी आणि तिसरी चौकट मिळून एक उंच खण, त्यालाच तेवढे खरे कुलूप. सगळ्यांत खालच्या तीन चौकटी मिळून एक लांब खण. दर्शनी बारा, आत नऊ. बाहेरची पेटी १२ मिलिमीटर जाडीच्या फळीची, आतल्या आडव्या-उभ्या फळ्या १० मिलिमीटरच्या. हिशेब केला तर एकेका लहान खणाच्या वाट्याला साडेचौदा सेंटिमीटर रुंदी आणि जेमतेम साडेसात सेंटिमीटर उंची येते.

कागदावर हे तासाभरात होते. पण पहिली खरी कसोटी वखारीत असते.

साग घ्यायचा, यात दुमत नाही. सागाला वाळवी सहजी लागत नाही, त्यात स्वतःचे तेल असते, आणि ओल-उन्हात तो इतर बहुतेक लाकडांपेक्षा कमी हलतो. मुंबईच्या गोदीत मलबारी सागाचे बांधलेले 'ट्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज १८१७ मध्ये पाण्यात उतरले, आणि इंग्लंडच्या हार्टलपूल बंदरात ते आजही तरंगते आहे. पण 'कमी हलतो' म्हणजे अजिबात हलत नाही, असे नव्हे, आणि लहान खणांच्या कपाटात सगळा खेळ याच हलण्याचा आहे.

हवेतल्या दमटपणाप्रमाणे लाकूड पाणी पिते आणि सोडते. तीस अंश तापमानाला हवेची सापेक्ष आर्द्रता ९० टक्के असली, तर लाकडात त्याच्या वजनाच्या सुमारे २० टक्के पाणी मुरते. तीच आर्द्रता ४० टक्क्यांवर आली की ते सात-साडेसात टक्क्यांवर उतरते. कोकणातला जुलै आणि पुण्यातला एप्रिल यांत साधारण एवढेच अंतर. फळी लांबीत जवळपास हलत नाही, ती हलते रुंदीत. ओंडका सरळ कापत जाऊन काढलेली फळी, जिच्या तोंडावर कमानीसारखी नक्षी दिसते, ती जास्त हलते. गाभ्यातून त्रिज्येच्या दिशेने काढलेली, सरळ बारीक रेघांची फळी जवळजवळ निम्मीच हलते. अमेरिकेच्या वनोत्पाद प्रयोगशाळेच्या 'वुड हँडबुक' या ग्रंथात लाकडागणिक याचे गुणक दिले आहेत. सागाचे गुणक आपल्या खणाला लावले, तर साडेसात सेंटिमीटर उंचीचे तोंड पाण्याचे प्रमाण आठ टक्क्यांनी बदलताच कमानी फळीत १.१ मिलिमीटर आणि सरळ रेघांच्या फळीत ०.६ मिलिमीटर वाढते.

अर्धा मिलिमीटर म्हणजे साधारण दोन पोस्टकार्डांची जाडी. एवढ्यावरच ठरते की खण जुलैत अडकून बसेल की बोटाने सरकेल. म्हणून चांगला मिस्त्री वखारीत फळ्यांचा पृष्ठभाग पाहतच नाही, तो त्यांची टोके पाहतो. वार्षिक वलये फळीच्या तोंडाशी उभी दिसतात की आडवी, यावर निवड होते. उभ्या वलयांच्या फळ्या खणांच्या तोंडांना आणि बाजूंना ठेवायच्या, उरलेल्या पाठीला. लाकूड आणले की लगेच कापायलाही घ्यायचे नाही. जिथे काम व्हायचे, त्याच खोलीत फळ्यांच्या मध्ये पट्ट्या ठेवून ती आठवडेच्या आठवडे रचून ठेवायची. गिऱ्हाईक मुंबईचे, कारागीर कुडाळचा आणि कपाट जाणार नागपूरला, असे असेल तर हा सगळा हिशेब नागपूरच्या मे महिन्याचा धरून करावा लागतो. सतराव्या शतकातल्या सुताराचे कपाट सहा-सहा महिन्यांचा समुद्र ओलांडून लिस्बनच्या हवेत जाणार होते. त्याच्याजवळ गुणकांचा तक्ता नव्हता. हाताला माहीत होते तेवढेच.

पेटी उभी राहते ती तुलनेने भराभर. बाहेरच्या चार फळ्या कोपऱ्यांत डोव्हटेल जोडाने जोडायच्या, आतल्या फळ्यांसाठी उथळ खाचा घ्यायच्या, आडव्या फळ्या खाचांत सरकवायच्या. एकच पथ्य आहे, काटकोन. गुण्या लावून प्रत्येक कप्प्याचे दोन्ही कर्ण मोजायचे. कर्णात एका मिलिमीटरचा फरक पडला तर त्या कप्प्यातला खण जन्मभर तिरका चालेल. आतल्या फळ्यांची दिशा बाहेरच्या फळ्यांसारखीच ठेवायची, म्हणजे वाढल्या-आटल्या तरी सगळ्या मिळून हलतील आणि कोणी कोणाला फाडणार नाही.

मग खण येतात. इथे थांबायला हवे, कारण खण हेच या कपाटाचे सगळे काही.

नऊ खण, प्रत्येकाला चार कोपरे, म्हणजे छत्तीस जोड. खणाचे तोंड १६ मिलिमीटर जाडीचे, बाजू केवळ सातची. तोंड आधी त्याच्या कप्प्यात बसवून घ्यायचे, इतके घट्ट की ते अर्धे आत जाऊन थांबावे. मागून त्याच मापाने पाठ. नंतर बाजू. प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीने आकडा आणि डावे-उजवे लिहायचे, कारण पहिल्या खणाचे तोंड दुसऱ्या कप्प्यात बसत नाही. वरवर सगळे कप्पे सारखे असतात, पण रंध्याच्या एका फेऱ्याइतका फरक प्रत्येकात असतोच.

डोव्हटेल म्हणजे कबुतराच्या शेपटीसारखा, टोकाकडे पसरत गेलेला जोड. खण रोज पुढे ओढला जातो, आणि त्या ओढीच्या दिशेने हा जोड निसटूच शकत नाही. बाजूच्या फळीच्या टोकावर दोन शेपट्या आखायच्या. तिरपाई कठीण लाकडात आठास एक. मार्किंग गेजने कापायची हद्द चारही अंगांनी कोरून घ्यायची. पेन्सिलीची रेघ जाड असते, गेजचा काटा लाकडाचे तंतू कापून ठेवतो आणि पुढे पटाशीला तिथे टेकायला जागा मिळते. आता बारीक दातांची करवत. पाते रेघेवर ठेवायचे नाही, जे लाकूड काढून टाकायचे त्या अंगाने, रेघ राखून चालवायचे. करवत हद्दीशी आली की आवाज किंचित बदलतो, जुना मिस्त्री कानानेच थांबतो. शेपट्या मोकळ्या झाल्या की बाजूची फळी तोंडाच्या टोकावर उभी धरायची आणि चाकूच्या टोकाने त्यांची बाह्यरेषा तिथे उतरवायची. इथे फूटपट्टी कामाची नाही. जी शेपटी कापली गेली, तीच आता माप. तोंडाच्या १६ मिलिमीटर जाडीपैकी पुढचे चार मिलिमीटर शाबूत ठेवून मागून खळगे कोरायचे, म्हणजे समोरून जोड दिसत नाही आणि पुढच्या सागावर जडावाला अखंड पृष्ठभाग मिळतो. पटाशी दगडावर लावून केस भादरण्याइतकी धारदार हवी. सागात सिलिका असते, ती धार पाहता पाहता खाते. दर दोन खळग्यांनंतर दगड.

जोडायच्या आधी एकच गोष्ट, जी नवख्याला हमखास चकवते. सागाच्या तेलामुळे सरस किंवा कुठलाही गोंद नीट धरत नाही. म्हणून जोडाच्या जागा स्पिरिटने पुसून लगेच जोडायच्या. सरस म्हणजे जनावराच्या कातड्या-हाडांचा. पाण्याच्या भांड्यात भांडे ठेवून साठ अंशांच्या आसपास गरम करायचा, उकळू द्यायचा नाही. बाजारात याहून सोपे, पांढरे, बाटलीतले गोंद आहेत आणि बहुतेक कारखाने तेच वापरतात. तरी अशा कपाटाला सरसच लावावा. ओल आणि ऊब दिली की सरसाचा जोड सुटतो. शंभर वर्षांनी कोणाला तुटका खण दुरुस्त करायचा असेल, तर त्याला तो न फोडता उघडता येईल. पुढच्या सुताराची एवढी काळजी आजच्याने घ्यायला हवी.

खणाचा तळ पाच मिलिमीटरचा, बाजूंना आतून खाच घेऊन मागून सरकवलेला. त्याला कुठेच सरस लावायचा नाही, त्याला हलायला मोकळीक हवी.

नऊही खण जागेवर आले की पहिल्यांदा सगळे घट्ट असतात. मग रंध्याचे पाते जवळजवळ दिसेनासे करून बाजूंवरून एकेक फेरा. खण आत घालायचा, काढायचा, जिथे लाकूड चकाकले तिथे घासते आहे असे समजायचे, तेवढ्याच जागी फेरा. कडांना मेणबत्तीचे मेण. असे करत करत एक क्षण येतो, तो पाहण्यासारखा असतो. वरच्या ओळीतला डावा खण आत ढकलावा, आणि कोणी हात न लावता उजवीकडचा खण दोन बोटे बाहेर यावा. खणांमागची पोकळी एकच असते, पाठ घट्ट बसलेली असते आणि फटी इतक्या बारीक असतात की आत कोंडलेल्या हवेला दुसरी वाट मिळत नाही. भाता तसा. हे घडले की मिस्त्री रंधा खाली ठेवतो.

जडावाचे काम यानंतर. गोव्याच्या कपाटांवरची ओळखीची नक्षी म्हणजे एकमेकांत गुंतलेली वर्तुळे, त्यांच्या छेदांतून उमलणाऱ्या चार पाकळ्या, आणि मध्ये हस्तिदंताचे टिपके. सगळी नक्षी कंपासच्या एकाच मापातून निघते. अटलांटिकच्या पलीकडे, पेनसिल्व्हेनियाच्या चेस्टर काउंटीत अठराव्या शतकात मसाले आणि मौल्यवान ऐवज ठेवायची लहान खणांची कपाटे होत. त्यांच्या दारांवर कंपासनेच काढलेल्या कमानी आणि टोकांना लाकडी टिपके जडवलेले असत. एकमेकांना कधी न पाहिलेल्या सुतारांच्या हाती एकच हत्यार होते.

काळ्या पाकळीचा साचा करायचा, पाकळी लाकडावर धरून भोवती चाकू फिरवायचा, दोन मिलिमीटर खोल खळगा कोरायचा, सरस, पाकळी, वर हलका ठोका. दुसऱ्या दिवशी सगळे रंध्याने सपाट. हे लिहायला एक ओळ लागते. बारा चौकटींत मिळून पाकळ्या काहीशे होतात.

आणि इथेच आजच्या कारागिराला जुन्यापासून वेगळे व्हावे लागते. हस्तिदंत वापरायचा नाही, वापरता येतही नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने आफ्रिकेतून आणलेल्या दाताच्या व्यापाराचीही वाट बंद केली. याबद्दल हळहळायचे कारण नाही. उंटाचे किंवा म्हशीचे हाड उकळून, त्यातली चरबी काढून, हायड्रोजन पेरॉक्साइडने पांढरे केले की टिपक्यांना उत्तम चालते. राजस्थानातले जडावाचे कारागीर ते सर्रास वापरतात. भिंगाखाली दोघांतला फरक लपत नाही. हाडात रक्तवाहिन्यांच्या जागी बारीक काळपट ठिपके आणि रेघा असतात, हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. लपू नयेच.

आबनूस पाण्यात बुडतो इतका जड, आणि खरा काळा गाभा मिळणे दुरापास्त. शिसवी मिळते, पण डाल्बर्जिया वंशातली सगळी झाडे जानेवारी २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रित यादीत आहेत, त्यामुळे कपाट परदेशी जायचे असेल तर कागदपत्रे आली. यावर घरगुती तोड आहे. घट्ट पोताच्या कुठल्याही लाकडाची पाकळी हिरड्याच्या काढ्यात बुडवायची, वाळू द्यायची, आणि मग गंजके खिळे आठवडाभर मुरवलेल्या व्हिनेगरचा हात द्यायचा. हिरड्यातले टॅनिन आणि लोखंड भेटले की लाकूड डोळ्यांदेखत करडे, मग निळसर, मग काळे होते. हा रंग वर बसलेला नसतो, तंतूंत तयार झालेला असतो. रंध्याचा हलका फेरा त्याला घालवत नाही, जास्त खोल गेले मात्र खालचे लाकूड डोकावते. म्हणून अशा पाकळ्या सपाटीला आधीच बेताच्या ठेवायच्या.

किल्लीच्या भोकाभोवतीचे पत्रे मूळ कपाटांत जाळीदार आणि सोनेरी मुलाम्याचे असत. जुना मुलामा पाऱ्यातून चढवला जाई, पाऱ्याची वाफ कारागिराच्या छातीत जाई. ती रीत गेली ते चांगले झाले. एक मिलिमीटरचा पितळी पत्रा बारीक करवतीने कापून, कानसून, मेण लावून ठेवला की दोन पावसाळ्यांत त्याच्यावर स्वतःचा रंग चढतो. लाकडालाही तेल आणि मेणच. फ्रेंच पॉलिशची काचेसारखी चकाकी युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रूढ झाली, सतराव्या शतकाच्या धर्तीवरच्या कपाटाला ती परकी वाटते.

उंच खणामागे एक जागा उरवावी. तो खण शेजारच्यांपेक्षा सहा सेंटिमीटर आखूड करायचा. समोरून काही कळत नाही. खण पूर्ण बाहेर काढून आत हात घातला, वरच्या फळीला टेकलेली लवचिक लाकडी पट्टी बोटाने दाबली, की मागची छोटी पेटी सुटून हातात येते. चोरखण. चोराला तो सापडायला दोन मिनिटे लागतात, कारण त्याने फक्त दोन खणांची लांबी शेजारी शेजारी धरून पाहायची असते. तरीही घरातल्या मुलांना तो दाखवला की त्यांचे डोळे जसे होतात, त्यासाठी तरी तो ठेवावाच.

आता एक अवघड गोष्ट. नऊ खणांचे हे कपाट तयार झाले की कोणीतरी म्हणतेच, जरा जुने करून द्या. साखळीने मारून पोचे पाडायचे, चहाच्या पाण्याने डाग, कडा घासून गोल, वाळवीसारखी भोके गिरमिटाने. याला नाही म्हणावे. कपाटाला जुने करायचे काम वापराचे आहे, हत्याराचे नाही. शिवाय जाणत्याच्या डोळ्यांना हे फसवत नाही. लाकडाची आट ही काळाची सही आहे. चरकावर गोल काढलेली मूठ दोनशे वर्षांनी किंचित लंबगोल होते, कारण तंतूंच्या आडव्या दिशेने ती जास्त आटते. कॅलिपर लावले की कळते. टोकदार यंत्रनिर्मित स्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचे, वर्तुळाकार करवतीचे कमानदार ओरखडे त्याच शतकातले. सतराव्या शतकाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या कपाटाच्या पाठीवर ते दिसले, तर ती पाठ तरी नवी आहे. खणाच्या तळाला कुठे झीज आहे, ती खणाच्या चालीशी जुळते का, हे पाहणारा माणूस नक्षीकडे वळतच नाही.

आणि म्हणूनच नव्या कपाटावर सही हवी. लांब खणाच्या तळाला, खालून, मऊ पेन्सिलीने: करणाऱ्याचे नाव, गाव, लाकूड कुठले, टिपके हाडाचे आणि काळे हिरड्याचे, आणि काम कोणत्या महिन्यात पुरे झाले. पुरातत्त्व खात्याकडून पुरावशेष नसल्याचा दाखला घ्यायची वेळ आली, तर ही नोंद कामी येते. पण तेवढ्यासाठीच ती नाही. नागिणी कोरणाऱ्या, वर्तुळे जुळवणाऱ्या त्या गोव्याच्या सुतारांना जे मिळाले नाही, ते त्यांच्या मार्गाने चालणाऱ्याला मिळावे.

महिना लिहिण्याचे कारण मात्र व्यवहाराचे आहे. उन्हाळ्यात बसवलेला खण पहिल्या पावसाळ्यात अडकतो. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मिस्त्रीला फोन येतो, उजवीकडचा मधला खण निघत नाही, येऊन जरा रंधा मारून जा. कच्चा कारागीर पिशवी उचलून निघतो, फेरा मारतो, आणि पुढच्या मार्चमध्ये त्याच खणाच्या चारी बाजूंनी उजेड दिसू लागतो. जुना माणूस फोनवरच विचारतो, तळाला महिना काय लिहिलाय बघा. एप्रिल? मग हात लावू नका. ओढाओढ नको, त्यात काही ठेवले असेल तर राहू द्या तिथेच. दसरा उलटला की कोकणातली हवा कोरडी होऊ लागते, लाकूड घेतलेले पाणी सोडते. वसुबारसेच्या सुमारास कोणीतरी सहज त्या मुठीला बोट लावते, आणि खण सरळ बाहेर येतो.